नवा खुबा, जुनी हौस

म्युनिकहून एका वाचक ताईंचं चांगलं चार पानी पत्र आलं आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा. ताई ६४ वर्षांच्या. लग्न होऊन जर्मनीत गेल्या, तिशीत स्कीइंग शिकल्या आणि पुढं हिवाळ्यात शनिवारी पहाटेची गाडी पकडून गार्मिशच्या बर्फावर जायचं, हा त्यांचा नेमच होऊन गेला. नोकरी, मुलं, यजमानांचं लांबलेलं आजारपण, मग त्यांचं जाणं. एवढ्या सगळ्यातही तो नेम फारसा चुकला नाही. यंदा मार्चमध्ये उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं, सांधा बदलला. दुखणं आता पार गेलं आहे आणि डिसेंबर तोंडावर आला आहे. मुलगा म्हणतो, "आई, पुरे झालं. स्की विकून टाकू." ताई विचारतात, "माझी ही हौस म्हणजे म्हातारचळ का? की मला अजून जाता येईल?"

ताई, म्हातारचळ मुळीच नाही. पण "हो, जा" असं एका ओळीत सांगून मोकळं व्हावं, इतका हा प्रश्न सोपाही नाही. तेव्हा आज आपण तो नीट उलगडून पाहू या. ज्या मैत्रिणींचा बर्फाशी कधी संबंध आला नाही, त्यांनीही वाचावं. खुबा सगळ्यांना सारखाच असतो!

आधी हा नवा सांधा म्हणजे काय ते पाहू. आपल्या खुब्यात एक वाटी असते आणि तिच्यात मांडीच्या हाडाचा गोळा फिरतो. दोन्हींवरचं गुळगुळीत अस्तर झिजलं की जांघेत दुखायला लागतं, मोजा घालायला वाकवत नाही, रात्री कूस बदलताना जीव जातो. शस्त्रक्रियेत वाटीही नवी बसवतात आणि गोळाही नवा. गोळ्याचा दांडा मांडीच्या हाडात खोल बसवलेला असतो. इंग्लंडमधल्या सर जॉन चार्नली यांनी ही शस्त्रक्रिया मार्गाला लावली. आधी त्यांनी टेफ्लॉनच्या वाट्या वापरून पाहिल्या, पण त्या फार लवकर झिजल्या. मग १९६२ मध्ये त्यांनी पॉलिथिलिनची चिवट वाटी वापरायला सुरुवात केली आणि गाडी रुळावर आली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस याच प्लॅस्टिकचा अधिक टिकाऊ प्रकार आला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार, बदललेल्या शंभर खुब्यांपैकी सुमारे अठ्ठावन्न पंचवीस वर्षं टिकतात. म्हणजे ताईंचा खुबा त्यांना नव्वदीपर्यंत सोबत करण्याची बरीच शक्यता आहे. प्रश्न आहे तो त्याला जपून वापरण्याचा.

आता स्कीइंगने या सांध्यावर किती भार येतो? १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत असं आढळलं, की साधं चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. धावताना तो पाचपटीवर जातो. सौम्य उतारावर मोठी, संथ वळणं घेत स्कीइंग केलं तर सुमारे चारपट. पण उभ्या उतारावर छोटी, झटक्याची वळणं घेतली तर जवळजवळ आठपट! उंचवट्यांच्या उतारावर तर त्याहूनही जास्त. सपाटीवरचं लांब पल्ल्याचं स्कीइंग, ज्याला तिकडे लांगलाउफ म्हणतात, त्यात पारंपरिक पद्धतीने चाललं तर भार पुन्हा चारपटीच्या आसपास. थोडक्यात काय, 'स्कीइंग चांगलं की वाईट' हा प्रश्नच अपुरा आहे. कुठल्या उतारावर आणि कशा तऱ्हेनं, हे आधी विचारायला हवं.

२००० साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी याच विषयावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. खुबा बदललेल्यांचे दोन गट, एक स्कीइंग करणारा आणि एक न करणारा. पाच वर्षांनी पाहिलं, तर स्कीइंग करणाऱ्यांत एकाचाही सांधा ढिला झालेला नव्हता. न करणाऱ्यांत मात्र काहींचा झाला होता. पण लगेच हुरळून जाऊ नका. जी माणसं बर्फावर परत जातात, ती मुळात धडधाकट असतात, हेही ध्यानात घ्यायला हवं. शिवाय दहा वर्षांनी मोजलं, तेव्हा स्कीइंग करणाऱ्यांच्या वाटीची झीज थोडी जास्त निघाली. तेव्हा सौदा फुकटचा नाही. पण अंगावर येणारा आहे असंही नाही.

खरी भीती आहे ती पडण्याची. नवा सांधा असलेल्या पायावर जोरात पडलं, तर दांड्याभोवतीचं मांडीचं हाड मोडू शकतं. हे साधं हाड मोडणं नव्हे. पट्ट्या, तारा, प्रसंगी दांडाच बदलणं, आणि मग कित्येक महिने काठी. पाळी गेल्यावर आपल्या बायकांची हाडं ठिसूळ होतात, हे तर आपण जाणतोच. म्हणून ताई, बर्फावर जाण्याआधी हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्या. हाडं फारच विरळ निघाली, तर उताराचा विचार सोडून द्या, हे मी स्पष्टच सांगते. रक्त पातळ ठेवण्याचं औषध चालू असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. हेल्मेट घातलं तरी डोक्याला लागलेला मार अशा वेळी महागात पडतो.

परवानगी द्यायची ती तुमच्या सर्जननेच. साधारणपणे तीन ते सहा महिन्यांनंतर, आणि तेही आधीपासून चांगलं येत असलेल्यांना, ती मिळते. तुमचे तर आठ महिने होऊन गेले. मात्र साठीला खुबा बदलून मग स्कीइंग नव्याने शिकायला निघालेल्या मैत्रिणीला मी 'नको' असंच म्हणेन, कारण शिकणारी व्यक्ती पडणारच. सर्जनना नेमकं विचारा: क्ष-किरणाच्या चित्रात दांडा आणि वाटी हाडात घट्ट धरली आहेत का? ऑपरेशन मागून केलं की पुढून? कुठली हालचाल मी कायमची टाळावी? मागून केलेल्या ऑपरेशनात खूप वाकून पाय आत वळवला तर गोळा वाटीतून निसटण्याची भीती असते. पहिल्या तीन महिन्यांनंतर ती बरीच कमी होते, पण संपत नाही.

आता अंगाची तयारी. जर्मनीत ऑपरेशननंतर बहुधा तीन आठवडे पुनर्वसन केंद्रात राहायला मिळतं. आपल्याकडे अशी रीत नाही, त्यामुळे ताईंचा हेवाच वाटतो. पण तिथे चालायला शिकवतात, बर्फावर उतरायला नाही. त्यासाठी घरच्या घरी परीक्षा घ्या. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठता येतं का? जिना एकेका पायरीवर एकेक पाऊल टाकत, कठडा न धरता उतरता येतो का? ऑपरेशनच्या पायावर एकट्यावर, स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहून, कंबर एका बाजूला न झुकता अर्धा मिनिट तोल सांभाळता येतो का? तिन्ही उत्तरं 'हो' येईपर्यंत स्की भिंतीलाच टेकून राहू द्या. सगळ्यात आळशी होतो तो कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू. कुशीवर झोपून वरचा पाय सावकाश उचलणं हा त्याला जागं करणारा साधा व्यायाम आहे. तिकडच्या क्रीडामंडळांत शरद ऋतूत स्कीसाठीच्या व्यायामाचे खास वर्ग असतात. त्यात नाव घाला, पण शिकवणाऱ्यांना नव्या खुब्याची कल्पना द्या, म्हणजे ते उड्या मारायला लावणार नाहीत.

सामानाचं म्हणाल, तर स्कीपेक्षा बूटच जास्त छळतात. बूट चढवताना वाकून पाय पिळला जातो, आणि नेमकी तीच हालचाल नव्या खुब्याला नको असते. बूट रात्री गाडीत ठेवू नका. थंडीने प्लॅस्टिक कडक होतं. उबदार खोलीत ठेवलेला बूट सहज उघडतो. उंच बाकावर बसा, लांब दांड्याचं शूहॉर्न वापरा आणि बकलं लावायला सोबतिणीला सांगा. यात कसली लाज! स्कीचं बाइंडिंग, म्हणजे पडल्यावर बूट सोडवणारी कळ, दुकानात नव्याने जुळवून घ्या. तिथला माणूस वजन, उंची आणि वय विचारतो. पन्नाशीनंतर ही कळ थोडी सैल ठेवतात, म्हणून तिथे तरी वय लपवायचं नाही. स्की जुन्या, लांबलचक असतील, तर त्या खरंच विकून टाका. थोड्या आखूड, सहज वळणाऱ्या स्की भाड्याने घेऊन पाहा.

आणि शनिवारचा नेम आता मोडा! मंगळवारी, बुधवारी जा. नाताळच्या आणि फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्टीत तर जाऊच नका. आपण कितीही सावध असलो, तरी मागून येऊन धडकणाऱ्याला आपला खुबा दिसत नाही. निळ्या खुणेचे सोपे उतार पुरे, काळ्यांना लांबूनच नमस्कार. रात्री गोठलेला बर्फ सकाळी काचेसारखा असतो, तो जरा मऊ होऊ द्या. उलट दुपारी चिखलासारखा झाला की थांबा. वर जायला बंद पाळणा घ्या. खुर्चीचा पाळणा मांडीवर मागून आपटतो, म्हणून तिथल्या माणसाला वेग कमी करायला सांगा. ओढून नेणारा दांडा तर पहिल्या हिवाळ्यात नकोच.

पडलात, तर धडपडून उठू नका. आधी दोन्ही स्की सोडा, हातागुडघ्यांवर या, ऑपरेशनचा गुडघा खाली ठेवून चांगलं पाऊल पुढे टाका आणि काठ्यांच्या आधाराने उठा. हे घरी गालिच्यावर आधी करून पाहा.

आता मुलाचं. ताई, तुम्हीच लिहिलं आहे, की ऑपरेशननंतर त्याने रजा काढून तुमचं सगळं केलं. मोजे घातले, रात्री उठून आधार दिला. त्याचं 'पुरे झालं' हे धाक नाही, भीती आहे. तुम्ही पडलात तर पुन्हा त्यालाच सगळं करायचं आहे, आणि तेवढं बोलण्याचा हक्क त्याला आहे. पण म्हणून तुमचं उरलेलं आयुष्य खिडकीशी बसून काढायचं, हेही बरोबर नाही. तेव्हा पुढच्या तपासणीला त्याला बरोबर न्या. डॉक्टर काय सांगतात, ते त्यालाही ऐकू द्या. एकट्याने जायचं नाही, दोन तासांपेक्षा जास्त नाही, डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च विम्यात बसतो का ते पाहिल्याशिवाय नाही, असे चार नियम दोघांनी मिळून ठरवा. तुम्ही ते पाळता हे दिसलं, की त्याची भीती आपोआप कमी होईल.

आणि एवढं करून पहिल्याच दिवशी मनात धाकधूक वाटली, तर माघारी या. लांगलाउफ आहे, बर्फातून काठ्या घेऊन चालणं आहे. तिथेही तेच डोंगर, तीच हवा आणि त्याच मैत्रिणी. उतार सोडला म्हणजे हार मानली, असं कोणी म्हणणार नाही.

इकडच्या मैत्रिणींनो, तुमची स्की म्हणजे कदाचित रविवारचा सिंहगड असेल, नाहीतर पोहण्याचा तलाव. हिशेब तोच. डॉक्टरांना विचारा, स्नायू कमवा, सोपा रस्ता निवडा, आणि थकण्याआधी परत फिरा.

कात्रण काढून ठेवा

ही लक्षणं दिसली, तर खेळ थांबवून डॉक्टरांकडे जा:

• जांघेत किंवा मांडीत नव्याने सुरू झालेलं दुखणं.

• बसून उठताना पहिल्या काही पावलांना येणारी कळ.

• लंगडणं, किंवा पाय आखूड झाल्यासारखा वाटणं.

• ताप, जखमेच्या जागी लाली किंवा सूज.

• पडल्यावर पायावर भार देता न येणं. अशा वेळी उठून पाहण्याचा हट्ट नको. जागीच राहून मदत बोलवा.