मे महिन्यात कसलं आलंय हिमस्खलन?

मार्च उजाडला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या ट्रेकर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हिमालयाचे बेत शिजू लागतात. मुलांच्या परीक्षा संपतात, रजा टाकल्या जातात, सार पास या खिंडीच्या ट्रेकची तिकिटं निघतात. घरातलं कुणी काळजीने विचारलंच, तर उत्तर तयार असतं: हिमस्खलन थंडीत होतं, मे महिन्यात कसलं आलंय?

उत्तर साफ चुकीचं आहे.

४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोकहून नथुला खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दुपारी बाराच्या सुमारास बर्फ कोसळला आणि सात पर्यटक दगावले. परवानगी तेराव्या मैलापर्यंतची होती. घटना घडली पंधराव्या मैलाजवळ. कुणी शिखर सर करायला निघालेलं नव्हतं. माणसं बर्फ बघायला आली होती.

थंडीतला धोका मुख्यतः नव्या बर्फाचा. वाऱ्याने साचवलेला थर खालच्या कच्च्या थरावरून पाटीसारखा सुटतो. वसंतात खोडी काढतं ते पाणी. निरभ्र रात्री पृष्ठभाग गोठून टणक होतो, पहाटे त्यावर बूट जेमतेम रुततो. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळून पाणी आत झिरपतं, कणांची एकमेकांवरची पकड सुटते, आणि पहाटे पाच वाजता निमूट वाट देणारा उतार दुपारी एक वाजता भरवशाचा राहत नाही. पूर्वेकडच्या उतारांवर हे आधी घडतं, पश्चिमेकडच्यांवर दुपारनंतर. ढगाळ रात्र तर आणखी फसवी. तंबूत थंडी कमी वाजली म्हणून डोंबिवलीकर खूश होतो, पण त्या रात्री बर्फ नीट गोठलेलाच नसतो.

दुसरा युक्तिवाद जास्त अभिमानाचा असतो: ‘आम्ही सह्याद्री कोळून प्यायलोय.’ खरं आहे. शेवटची कसारा लोकल पकडून रात्रभर चालणारी, मुरबाडमधल्या बेलपाड्यातून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढणारी ही माणसं दमात कुणाला हार जाणार नाहीत. पण सह्याद्रीत नाळ म्हणजे कड्यातून वर नेणारी सोय. बर्फात तीच नाळ दोन्ही अंगांचा बर्फ गोळा करून खाली ओतते, आणि सापडलेला माणूस खोल गाडला जातो. बर्फाची पाटी सुटते ती बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर. बसून घसरत जायला जिथे खरी मजा येते, ते उतार पुष्कळदा याच कोनाचे असतात! कोन आता मोबाइलवर मोजता येतो. त्यासाठी फोन सेल्फीतून मोकळा हवा, एवढंच.

‘गाईड आहे ना सोबत’ हा तिसरा दिलासा. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी द्रौपदी का डांडा-२ वर हिमस्खलनात सापडली. २७ मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता राहिले. मृतांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या, त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू चढून आलेल्या. तो मोसम वसंताचा नव्हता, पण जिथे शिकवणारेच सापडतात तिथे गाईडची नुसती हजेरी कुणाला वाचवणार?

गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. हेलिकॉप्टर तेवढ्यात येत नाही. काढणार ते सोबतीच, आणि त्यासाठी प्रत्येकाकडे गाडलेल्याचा ठाव लावणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसायची लांब सळी म्हणजे प्रोब, आणि फावडं लागतं. उन्हाळी ट्रेकच्या सामानात ते सहसा नसतं. म्हणून इथे सगळी भिस्त धोका टाळण्यावर.

मग जाऊच नये काय? दरडी कोसळतात म्हणून कुणी माळशेज घाट सोडलेला नाही. जावं, पण घड्याळ लावून. उन्हाच्या आधी डोंगर गाठायची सह्याद्रीतली सवय इथे नेमकी कामी येते. सार पासच्या मार्गावर नगारू कॅम्पहून काळोखातच निघतात. पोरं कुरकुरतात, कारण त्यामागचं कारण त्यांना बहुधा कुणी सांगितलेलंच नसतं. पाय घोट्याऐवजी गुडघ्यापर्यंत रुतू लागला, उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप गडगडू लागले, की त्या उतारावर थांबायचं नाही. संशयाचा टप्पा एकेकाने ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवायची. फोटोसाठी तिथे घोळका करायचा नाही.

खरी अडचण डोंगराखाली आहे. निघण्यापूर्वीच्या बैठकीत बूट, जॅकेट, गोळ्या, खाऊ यांवर तासभर खल होतो. किती वाजता मागे फिरायचं आणि ते कोण ठरवणार, हे कुणी विचारत नाही. गाईडने खिंडीच्या अलीकडून परत आणलं, तर ‘पैसे वाया गेले’ म्हणून त्याच्याच नावाने बोटं मोडायची. अशा गिऱ्हाइकांपुढे तो किती वेळा ‘नाही’ म्हणेल? परतीची वेळ छापील कार्यक्रमात चहा-नाश्त्याच्या वेळांइतकी ठळक हवी, आणि खराब हवेसाठी एक राखीव दिवस हवा. त्या दिवसासाठी ऑफिसातून आणखी एक रजा मिळत नसेल, तर त्या वर्षी खिंड सोडून खालच्या कुरणांपर्यंतचा ट्रेक निवडावा. तिथेही तंबू असतात, बर्फाची शिखरं समोर दिसतात, आणि फोटोही चांगले येतात.