काचेआडचे ऊन

नेपानगरच्या एका भगिनींचे पत्र आमच्यापुढे आहे. मुलाच्या हट्टाखातर त्यांनी डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेले पाण्यातले कासव आणले आणि काचेच्या पेटीत घालून पूर्वेच्या बंद खिडकीशी ठेवले. सकाळभर पेटीवर ऊन असते, तरीही पाठीचे कवच मऊ पडू लागले आहे. आपले काय चुकले, असे त्या विचारतात.

हीच चूक पूर्वी आमच्या घरी घडली आणि तिची किंमत त्या मुक्या जिवाने मोजली; म्हणून आम्हांस येथे उपदेशकाचा आव आणवत नाही. खिडकीतून उजेड येतो, ऊबही येते. परंतु अतिनील किरणांचा (आमच्या शाळेत त्यांस जंबुपार म्हणत) जो भाग कातडीत 'ड' जीवनसत्त्व घडवतो, तो साधी काच जवळजवळ सगळाच अडवते. 'ड' नसले की कॅल्शियम अंगी लागत नाही. मग समुद्रफेन कितीही उगाळून घाला. लहान मुलांना होतो तो मुडदूस हाच. कासवाच्या बाबतीत तो कवचावर दिसतो.

कवच मऊ झालेच आहे, तेव्हा पशुवैद्यास दाखवण्यात दिवस दवडू नये. पुढे रोज काही वेळ कासवाला अंगणात, वर जाळी घातलेल्या पसरट घमेल्यात ठेवावे. अर्धे घमेले सावलीत हवेच. निमाडच्या वैशाखात उथळ पाणी पाहता पाहता तापते, आणि कासवाला घाम येत नाही. जवळ कोणीतरी बसावे; मांजरे जाळीलाही भीत नाहीत.

पावसाळ्यात, किंवा अंगणच नसेल तर, सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी खास अतिनील नळी लावावी. वेष्टनावर लिहिलेले अंतर पाळावे, मध्ये काच वा प्लॅस्टिक ठेवू नये, दिवसा दहा-बारा तास लावून रात्री बंद करावी. उजेड तसाच दिसला तरी ते किरण आधी मंदावतात, म्हणून सहा ते बारा महिन्यांनी नळी बदलावी लागते. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातील अतिनील दिवा मात्र चुकूनही वापरू नये. तो जंतू मारण्यासाठी असतो आणि डोळे व कातडी भाजतो.

खर्च ऐकून कोणी ते कासव तापीत सोडू म्हणेल. ही जात परदेशी आहे. नदीतल्या देशी कासवांच्या तोंडचा घास ती पळवते. आणि देशी कासव तर 1972च्या वन्यजीव कायद्यान्वये घरी ठेवताच येत नाही. भगिनींनी कवचाची हकिकत आम्हांस अवश्य कळवावी.