गच्ची कोणाची, जिना कोणाचा?

'बारभाईंची खेती, काय लागेल हाती' ही म्हण आपल्या पूर्वजांनी शेतीवरून केली. आज ती सोसायटीच्या जिन्याला आणि गच्चीलाही तितकीच लागू पडते. खानदेशातून पोटापाण्यासाठी सुरतेस आलेली आपली कितीतरी कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत आता स्वतःच्या घरात राहतात. कोणाचे रो हाऊस, कोणाची अपार्टमेंटमधील सदनिका. पण घराबरोबर आपण जिन्याचा, गच्चीचा, पाण्याच्या टाकीचा आणि कॉमन प्लॉटचाही एकेक हिस्सा विकत घेतला आहे, ही जाणीव थोड्यांसच असते. या हिश्श्याविषयी या वेळी वाचकांशी थोडे बोलावे असे आम्ही योजले आहे.

सहकारी गृहरचना ही कल्पना आपणांस नवी नाही. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली सारस्वतांची सहकारी गृहसंस्था स्थापन झाली, आणि आपल्या देशातील या चळवळीचा तो आरंभ मानला जातो. सुरत त्या काळी मुंबई इलाख्यातच होती. पुढे १९६० साली गुजरात राज्य निराळे झाले, १९६१ साली त्याचा स्वतंत्र सहकारी संस्था कायदा झाला आणि १९७३ साली सदनिकांच्या मालकीविषयीचा कायदा आला. आपली सोसायटी यांपैकी कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे, हे प्रत्येक घरात निदान एका माणसास ठाऊक असावे.

सोसायटीची खरी घटना म्हणजे तिचे पेटानियम. ते पुस्तक बहुधा गुजरातीत छापलेले असते आणि मंत्र्यांच्या कपाटात पडून असते. घर घेताना आपण त्याखाली सही करतो आणि विसरून जातो. ते लिहिले गेले त्या काळी गच्चीवर सौर ऊर्जेच्या पाट्या बसतील, तळमजल्यावर विजेच्या गाड्या भरल्या जातील, जिन्यात कॅमेरे लागतील, हे कोणाच्या स्वप्नीही नव्हते. आज एका सभासदाने अर्धी गच्ची पाट्यांनी व्यापली, तर उरलेल्यांनी वाळवणे कोठे घालावीत, आणि उद्या त्यांनाही पाट्या बसवावयाच्या झाल्यास जागा कोठून आणावी, याचे उत्तर जुन्या पुस्तकात सापडत नाही. मग उत्तर कोण देतो? कोठे प्रमुख जे म्हणतील तोच नियम होतो, आणि कोठे ज्याने आधी जागा अडवली त्याची ती होते. दोन्ही रीती सारख्याच घातक आहेत असे आमचे मत आहे.

लेखी पेटानियमांचे बळ किती असते, हे गुजरातमधीलच एका खटल्याने दाखवून दिले आहे. अहमदाबादची झोरोस्ट्रियन सहकारी गृहसंस्था १९२६ साली नोंदली गेली, आणि सभासदत्व पारशी समाजापुरतेच असावे असा तिचा पेटानियम होता. एका सभासदास आपल्या जागेवर सदनिका बांधून त्या पारशी नसलेल्यांस विकावयाच्या होत्या. उच्च न्यायालयाचा निकाल संस्थेच्या विरुद्ध गेला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००५ मध्ये संस्थेची बाजू उचलून धरली. असे निर्बंध असावेत की नसावेत, याविषयी सुजाणांत मतभेद राहतील. आमच्या मनातही शंका आहेत. तथापि त्यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. सभासदाने पत्करलेला पेटानियम, तो कायद्याविरुद्ध नसेल तर, त्यास बांधून ठेवतो. तो नको असेल तर सभासदांनी रीतसर बदलावा.

रीतसर म्हणजे कसे? दुरुस्तीचा मसुदा आधी सर्वांच्या हाती पडावा, सर्वसाधारण सभेत आवश्यक बहुमताने ठराव व्हावा आणि मग ती दुरुस्ती निबंधकाकडे नोंदली जावी. नोंदणी होईपर्यंत ती अमलात येत नाही. म्हणून फलकावर लावलेली चिठ्ठी किंवा मोबाइलवर फिरवलेला हुकूम म्हणजे पेटानियम नव्हे. अमक्या जेवणाच्या लोकांस येथे घर द्यावयाचे नाही, अशा तोंडी रूढीही कित्येक ठिकाणी ऐकू येतात; त्यांच्यापुढे मान तुकवण्याआधी 'हे कोठे लिहिले आहे?' एवढे नम्रपणे विचारण्याचा हक्क प्रत्येकास आहे. काही बाबतींत तर सरकारनेच नियम बदलले आहेत. पंचवीस वर्षांहून जुन्या इमारतीच्या पुनर्विकासास पूर्वी सर्वांचीच संमती लागे. २०१८ च्या दुरुस्तीने ती पंचाहत्तर टक्क्यांवर आली. उद्या आपल्या इमारतीचा तसा प्रश्न निघाला, तर ज्याचे नाव सभासदांच्या यादीत नीट चढलेले नाही त्याची काय अवस्था होईल, याचा विचार आजच केलेला बरा.

नियम बदलणे हे अर्धेच काम. ते पाळून घेणे हे उरलेले आणि अवघड काम होय. ते न झाल्यास काय होते, हे सुरतेने पाहिले आहे. २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागातील तक्षशिला संकुलास आग लागली आणि वरच्या मजल्यावरील शिकवणीच्या वर्गातील मुले अडकली. ते राहते घर नव्हते, व्यापारी संकुल होते. परंतु गच्चीवर छप्पर चढवून केलेला वर्ग, आणि तेथे जाणारा लाकडी जिना आगीत सापडलेला! मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. बावीस जीव गेले. ती बातमी वाचताना ज्यांचे डोळे पाणावले, त्यांनी आपल्या इमारतीच्या जिन्यात एकदा उभे राहून पाहावे. तेथे जुने कपाट, सायकली, गॅसची टाकी ठेवलेली नाही ना? गच्चीच्या दारास कुलूप आहे का, आणि असल्यास किल्ली कोणाकडे आहे? जिना मोकळा ठेवण्याचा नियम कटकटीचा वाटतो तो आग लागेपर्यंतच.

अंमलबजावणी कशी करावी, याचा धडाही याच शहरात सापडतो. १९९४ च्या प्लेगने सुरतेची अब्रू गेली होती. १९९५ साली श्री. एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त झाले, आणि थोड्याच काळात देशातील स्वच्छ शहरांत सुरतेचे नाव घेतले जाऊ लागले. वजनदार मंडळींची बेकायदा बांधकामेही हटवली जातात हे लोकांनी पाहिले, म्हणून सामान्य माणसानेही नियम मानला. सोसायटीतही हेच खरे आहे. प्रमुखांची मोटार आधी आखलेल्या जागी उभी राहावी. मग इतरांस सांगावे. चुकणाऱ्यास प्रथम तोंडी, मग लेखी कळवावे, त्याचे म्हणणे ऐकावे आणि ते इतिवृत्तात नोंदवावे. त्यानेही न भागल्यास सहकारी संस्थेसाठी बोर्ड ऑफ नॉमिनीजचा मार्ग आहे, आणि बेकायदा बांधकामासाठी महापालिका आहे. रागाच्या भरात कोणाचे पाणी तोडणे हा मार्ग नव्हे. त्याने न्याय बाजूस राहून वैर मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालते.

शेवटी आमच्या भगिनींस एक विनंती. पुष्कळ घरे आता त्यांच्या नावावर आहेत. सभेस मात्र पती किंवा मुलगा जातो. गच्ची, पाणी, जिना यांचा रोजचा संबंध ज्यांच्याशी, त्यांनीच सभेत बोलावे. ज्या कॉमन प्लॉटवर भाद्रपदात आपला गणपती बसतो, त्याच प्लॉटवर आश्विनात गरबा रंगतो. मंडप किती दिवस, ध्वनिक्षेपक किती वाजेपर्यंत, खर्च कोणाचा, हे श्रावणातच सर्वांनी मिळून लिहून ठेवले, तर ऐन सणाच्या दिवशी शेजाऱ्याशी शब्दाला शब्द वाढत नाही.

तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेपूर्वी पेटानियमांची एक प्रत लेखी अर्ज करून मागून घ्यावी. गुजराती वाचता न येणाऱ्या वडीलधाऱ्यांस ती मुलांनी वाचून दाखवावी. सुरतेत शिकलेल्या आपल्या मुलांस ते मुळीच अवघड नाही.