एक जूनची माणसं

आमच्या इंदापूर तालुक्यात ठराविक वयाच्या पुढच्या माणसाला वाढदिवस विचारू नये. उत्तर ठरलेलं असतं, एक जून. नाना एक जून, धाकटे काका एक जून, आत्याही एक जून. पोराला शाळेत घालायला आणलं की आई सांगायची, "उसाच्या तोडी चालू होत्या तवा झाला." गुरुजी पोराकडे बघून वर्षाचा अंदाज बांधायचे, आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून दिवस लिहायचे १ जून. त्यामुळेच महाराष्ट्रात ३१ मे रोजी निरोप समारंभांची झुंबड उडते, कारण एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. नाना जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. जन्म १ जून १९५८, निवृत्ती ३१ मे २०१६. (त्यांनी स्वतः किती पोरांना एक जून वाटला ते विचारलं की नुसते हसतात.)

तर झालं असं, की नानांनी मध्यंतरी बारामतीत एका ठिकाणी ऑनलाइन फॉर्म भरला. जन्मतारीख नीट टाकली, ०१/०६/१९५८. छापून आलेल्या पावतीवर ३१/०५/१९५८. पुन्हा भरला, पुन्हा ३१ मे. आधारवर एक तारीख आणि पावतीवर दुसरी, म्हणजे अर्ज अडकला. दोन एसटीच्या फेऱ्या झाल्यावर तिथल्या पोराने अनुभवाचे बोल ऐकवले, "सर, तुम्ही दोन जून टाका. बरोबर येतंय."

आणि खरंच आलं!

नानांनी हा किस्सा मला चमत्कार म्हणून सांगितला. मी मात्र खाली मान घालून ऐकत होतो, कारण हा चमत्कार मीही केलेला आहे. आपल्या घराण्याची जी वंशावळ मी साइटवर टाकली होती, ती न्यू जर्सीच्या चुलतभावाने उघडली तेव्हा त्याला सगळं खानदान ३१ मेचं दिसलं होतं. आठवत असेल तुम्हाला. तेव्हा मी "सर्व्हरचा प्रॉब्लेम" म्हणून वेळ मारून नेली. तो सर्व्हरचा नव्हता, माझा होता.

नातेवाइकांसाठी थोडक्यात सांगतो. आम्ही प्रोग्रामर लोक तारीख म्हणून तारीख ठेवतच नाही, तिचा एक क्षण बनवतो. १ जून म्हणजे १ जूनच्या मध्यरात्रीचा ठोका. मग तो क्षण जागतिक वेळेत, म्हणजे यूटीसीत, बदलतो. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून तो होतो ३१ मे, संध्याकाळचे साडेसहा. पुण्यात बसलेला डेव्हलपर स्वतःच्या लॅपटॉपवर तपासतो तेव्हा साडेपाच तास परत मिळवले जातात आणि सगळं छान दिसतं. पावती छापणाऱ्या सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर असतं. तो प्रामाणिकपणे ३१ मे छापतो.

आता माझं भांडण. आमच्या धंद्यात एक वचन वेदवाक्यासारखं फिरतं, "सगळं यूटीसीत ठेवा, दाखवताना बदला." अरे, सगळं काय सगळं? पैसे कधी जमा झाले, बस कधी सुटली, हे क्षण आहेत, ते ठेवा यूटीसीत. पण जन्मतारीख हा क्षण नाही. ती कागदावर लिहिलेली एक नोंद आहे. नाना न्यू जर्सीला गेले म्हणून एक दिवस आधी जन्मलेले ठरत नाहीत! आपल्याकडे उसाची लागण अमुक तारखेची अशी नोंद होते आणि तोडीचा क्रम त्यावरून लागतो. लागण रात्री बाराला झाली की दुपारी तीनला, हे कोणी विचारतं का? नसलेली वेळ तारखेला चिकटवायची आणि मग ती सांभाळता येत नाही म्हणून रडायचं, हा शुद्ध आगाऊपणा आहे.

"मग साडेपाच तास मिळवून टाका की," असं सांगणारे महाभाग भेटतात. त्यांना आमच्या आत्याची ओळख करून देतो. जन्म १ जून १९४३. महायुद्धाच्या काळात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, भारताचं घड्याळ आणखी एक तास पुढे होतं, साडेसहा. संगणकाच्या कालपट्ट्यांच्या कोशात 'एशिया/कोलकाता' या नावाखाली ही नोंद आहे. त्या हिशेबाने आत्याची मध्यरात्र साठवली आणि वाचताना साडेपाच मिळवले, की येतात ३१ मेचे रात्री अकरा. आत्या पुन्हा मे महिन्यात! आणि मुंबईत तर महापालिका कित्येक वर्षं स्वतःचाच 'बॉम्बे टाइम' पाळत होती, त्याचं तुमच्या कोशात वेगळं नावसुद्धा नाही.

बरं, उपाय काही नवा शोधायचा नाहीये. डेटाबेसमध्ये नुसत्या तारखेचा प्रकार कित्येक दशकांपासून आहे. जावाला २०१४ मध्ये 'लोकलडेट' मिळाला. जावास्क्रिप्टने १९९५ साली जावाकडून जो 'डेट' उचलला तो नावाला तारीख, प्रत्यक्षात क्षण. त्यावर आता 'टेम्पोरल'मध्ये 'प्लेनडेट' आलाय, फायरफॉक्सने तो २०२५ मध्ये घेतला. आणि यातलं काहीच जमत नसेल तर आठ अंक जसे दिले तसे ठेवा की बाबांनो! गुरुजींच्या दाखलखारिज रजिस्टरमध्ये शाईने लिहिलेला एक जून इतकी वर्षं जागचा हललेला नाही.

मी वंशावळ दुरुस्त केली आहे, न्यू जर्सीकरांनी उघडून बघावी. नानांचा अर्जही मंजूर झाला. फक्त तिथे आत कुठेतरी ते २ जूनचे म्हणून बसलेत. एखादा हुशार पोरगा तो सर्व्हर भारतीय वेळेवर आणेल, त्या दिवसापासून नानांच्या पावतीवर २ जून छापून येईल. नानांना मी हे अजून सांगितलेलं नाही.