झाडावर चढणाऱ्याचा सातबारा

मे महिना लागला की आपल्याकडे दोन आवाज वाढतात. एक लग्नाच्या डीजेचा आणि दुसरा झाडं छाटायच्या कटरचा. डीजेवर मागे लिहिलं होतं, त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या. आज दुसऱ्या आवाजाबद्दल लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

परवा बारामतीहून इंदापूरला निघालो होतो. भवानीनगरच्या अलीकडे चहाला थांबलो. टपरीशेजारी कडुनिंबाचं झाड, आणि त्याच्या बुंध्याशी चपलांचा एक जोड काढून ठेवलेला. देवळाबाहेर काढतो तसा, नीट, शेजारी शेजारी. वर पाहिलं तर वीस-पंचवीस फुटांवर एक माणूस बेचक्यात पाय रोवून उभा. हातात कटर. दोन-तीन फुटांवरून विजेची तार गेलेली. त्याच्याजवळ चांगला जाडजूड दोर होता. पण तो दोर त्याला बांधलेला नव्हता, फांदीला बांधलेला होता. फांदी तारेवर पडली तर ठेकेदाराच्या बिलातून पैसे कापतात म्हणे. माणूस पडला तर काय कापतात, ते मी नंतर विचारलं.

तासाभराने तो खाली आला. चाळिशीचा असेल. नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर उद्या त्याचं काम जाईल. चहा घेता घेता बोलायला लागला.

त्याचं वर्षाचं गणित ऐका. फेब्रुवारी-मार्चमध्ये चिंचा. व्यापारी झाडावरचीच चिंच घेतो, हा वर चढून फांद्या झोडतो, आणि खाली बायका वेचतात. एप्रिलपासून जूनपर्यंत तारेखालची छाटणी. पावसाळ्यात रात्री-अपरात्री फोन, "रस्त्यावर झाड आडवं झालंय, ये." गणपतीच्या आधी कुणाकुणाच्या बंगल्यातले नारळ उतरवून द्यायचे. मधल्या काळात कुणाच्या घरावर आलेली फांदी, कुणाच्या विहिरीवर वाकलेली बाभळ. अगदीच काही नसलं तर उसाच्या तोडीला. सकाळी सहाला झाडावर, अकराला खाली. अकरानंतर फांदी तापते आणि हात घामाने सटकतो, म्हणाला. चार वाजता परत वर.

मी विचारलं, "सगळ्यात भीती कशाची वाटते? तारेची?"

"तारेची न्हाय साहेब. वायरमननी परमिट घेतलं असलं की तार बंदच असते. पण बंद हाय का न्हाय ते खालचा मानूस सांगनार, आन् आपण इश्वास ठेवायचा. खरी भीती मोहळाची. आग्या उठला की हात सोडावाच लागतो."

हात सोडावाच लागतो. चहाचा घोट घेत माणूस हे सहज बोलून गेला.

मग मी आमच्या धंद्यातला नेहमीचा प्रश्न टाकला. सुट्टीच्या दिवशी काय करता? "झाडावर चढत न्हाय, येवढं नक्की," म्हणून हसला. सुट्टी म्हणजे अमावस्या किंवा काम नसलेला दिवस. त्या दिवशी हा गडी गळ घेऊन उजनीच्या पाण्यावर जातो, कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला. चिलापी लागली तर लागली. नाही लागली तरी दिवसभर बसतो. पाखरं बघत.

इथे मी खुर्ची पुढे सरकवली. भिगवणला पुण्या-मुंबईहून हातभर लांब लेन्स घेऊन लोक येतात, रोहित पक्ष्यांचे फोटो काढतात. आपल्यातले किती जण दुर्बीण नसताना पक्षी बघायला जातात? हा जातो. आणि त्याला जे माहीत आहे ते खालून बघणाऱ्याला कळायचं नाही. कावळ्याचं घरटं कोणत्या बेचक्यात असतं, त्यात कोकिळेचं अंडं कसं ओळखायचं, घुबड कोणत्या ढोलीत राहतं, बगळ्यांच्या वसाहतीखाली फांदी किती निसरडी होते. ज्या फांदीवर पिल्लं असतील ती फांदी तो शेवटपर्यंत ठेवतो. मुकादम ओरडला तर सांगतो, तिथं मोहोळ आहे. मुकादम काही वर चढून बघणार नाही!

इंदापूरकरांना वेगळं सांगायला नको. तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर चित्रबलाकांची घरटी आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. दाखल्यासाठी रांगेत उभं राहून मान वर करून पाहिली आहेत, आणि वरून शर्टावर प्रसादही घेतला आहे. भादलवाडीच्या तलावावरची त्यांची वसाहत तर पक्षी अभ्यासकांना चांगली ठाऊक आहे. उन्हाळ्यात वाऱ्याने एखादं पिल्लू खाली पडतं. ते कुणीतरी परत वर ठेवायचं असतं. पक्षीप्रेमी खाली असतात, अधिकारी खाली असतात, आम्ही पत्रकार तर मोबाईल घेऊन खालीच असतो. वर कोण चढतं? असाच एखादा चप्पल काढून. बातमीत मात्र "पक्षीमित्रांनी जीवदान दिले" असं येतं. मीही तसंच लिहिलंय.

आणि आता जे लिहायचं आहे ते. काही वर्षांपूर्वी मी दोन ओळींची बातमी दिली होती. झाडावरून पडून मजुराचा मृत्यू. गाव, वय, पोलिसात नोंद, संपलं. कोणाचं काम होतं, ठेकेदार कोण, पट्टा होता का, घरी कोण आहे, यातलं काहीही मी विचारलं नाही. जागा नव्हती असं कारण तेव्हा स्वतःला दिलं होतं. परवा चहाच्या टपरीवर कळलं, तो याचा चुलत भाऊ होता. घरच्यांना काय मिळालं? ठेकेदाराने दहाव्यापर्यंतचा खर्च केला. पुढे फोन उचलायचा बंद केला.

आता नियम काय सांगतात ते बघा. आपल्या राज्यात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. वीज पडणे, सर्पदंश, विजेचा धक्का, तसंच उंचावरून पडणे, यात मृत्यू झाला तर २ लाख रुपये मिळतात. चांगली योजना आहे, गावात काही घरांना तिचा आधार झालाय. पण ती खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला. म्हणजे स्वतःच्या बांधावरच्या चिंचेवरून मालक पडला तर प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जातो. त्याच चिंचेवरून, त्याच फांदीवरून, मजुरीने चढलेला भूमिहीन माणूस पडला तर प्रस्ताव जायला वाटच नाही. दोघांचं हाड सारखंच मोडतं. फरक सातबाऱ्याचा.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला, मंडळ आहे, वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला आणला की नोंदणी होते. झाड छाटणारा त्या व्याख्येत बसत नाही. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे. हा माणूस दोन महिने ऊस तोडतो, दहा महिने झाडं. कुठल्या रकान्यात टाकायचा?

झाडाची गोष्ट वेगळी आहे. नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडाला प्राचीन वृक्षाचा दर्जा आला, आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं तितकी नवी झाडं लावायची अट आली. मी या कायद्याच्या बाजूचाच आहे. संत तुकाराम महाराज पालखी मार्गाचं चौपदरीकरण झालं तेव्हा रस्त्याकडेची जुनी झाडं गेली, आपण सगळे हळहळलो, मीही फोटो टाकले, हजारभर लाईक आले. वारकऱ्यांच्या डोक्यावरची सावली गेली हे खरंच. पण ती झाडं उतरवायला वर कोण चढलं होतं, हे त्या पोस्टवर एकानेही विचारलं नाही. छाटणीच्या परवानगीत झाडाचं वय, जात, घेर सगळं असतं. चढणाऱ्याचं नावसुद्धा नसतं.

बाहेर काय आहे ते थोडं सांगतो. अमेरिकेत या कामाचं नीट शिक्षण असतं. १९७६ पासून तिथे झाडावर चढणाऱ्या कामगारांच्या स्पर्धा होतात, आता त्या आंतरराष्ट्रीय झाल्या आहेत. त्यातला एक प्रकार मला फार आवडला. वर अडकलेल्या जखमी साथीदाराला (माणसाऐवजी पुतळा असतो) ठरलेल्या वेळेत सुखरूप खाली आणायचं. १९८३ मध्ये अटलांटात पीटर जेन्किन्स नावाच्या माणसाने तर हौशी लोकांना दोर आणि पट्ट्यावर झाडावर चढायला शिकवणारी संस्था काढली. म्हणजे तिथे लोक सुट्टीच्या दिवशी हौसेने झाडावर चढतात आणि तेही हेल्मेट घालून. आपला माणूस पोटासाठी चढतो, उघड्या डोक्याने.

म्हणाल, अमेरिकेचं काय सांगता. बरं, केरळचं घ्या. नारळ उतरवायला माणसं मिळेनात म्हणून नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये तरुणांना यंत्राने चढायचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. मुलीही शिकल्या. नारळ काढणाऱ्यांसाठी अपघात विमा आणला, त्यातला मोठा वाटा मंडळ भरतं. केंद्र सरकारचंच मंडळ आहे ते. नारळाला जमतं ते चिंचेला, कडुनिंबाला का जमू नये?

फार मोठं काही मागत नाहीये मी. नगरपालिका, ग्रामपंचायत, वीज कंपनी, कुणीही छाटणीचा ठेका देताना निविदेत चार ओळी घालाव्यात. चढणाऱ्याला हेल्मेट आणि पट्टा. कटर वापरताना दोन ठिकाणी बांधून घेणं, म्हणजे चुकून एक दोर कापला गेला तरी दुसरा धरेल. खाली एक माणूस फक्त लक्ष ठेवायला, फांद्या ओढायला नव्हे. आणि चढणाऱ्यांची नावं व विम्याची पावती जोडल्याशिवाय बिल निघू नये. ठेकेदार मित्र म्हणतील खर्च वाढतो. वाढू दे की! डिझेल वाढलं तेव्हा दर वाढवून मागताच ना?

मला माहीत आहे, पट्टा दिला तरी काही जण घालणार नाहीत. हा गडीही म्हणालाच, "पट्ट्यानी पाय अडकतो." हेल्मेटबद्दल दुचाकीवाले हेच म्हणतात. सवय लावावी लागते, आणि ती पहिल्या दिवशी लागत नाही.

तोपर्यंत आपल्या हातातलं एक काम. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख. सातबारा लागत नाही, बँकेत खातं लागतं. या विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं, म्हणजे ऐन छाटणीच्या हंगामात. खात्यात त्या वेळी २० रुपये नसले तर हप्ता कापला जात नाही आणि विमा गुपचूप बंद पडतो. त्याच्या खात्याचं असंच झालेलं असणार, कारण तीन वर्षांपूर्वी फॉर्म भरला होता एवढंच त्याला आठवत होतं. परवाच त्याला बँकेत घेऊन गेलो. पासबुक भरून घेतलं. शिल्लक अकरा रुपये होती. शंभर भरले, फॉर्म पुन्हा भरला.

तुमच्या गावातही असा एक-दोन जण असेलच. चिंचा झोडणारा, नारळ उतरवणारा, वादळानंतर तुम्ही ज्याला फोन लावता तो. ३१ मेच्या आत त्याचं पासबुक बघा. आणि निविदेतल्या त्या चार ओळींचं निवेदन घेऊन मी सोमवारी सकाळी अकराला नगरपालिकेत जातोय. यायचं असेल त्यांनी खाली कॉमेंटमध्ये लिहा. तो येणार नाही, अकरापर्यंत झाडावर असतो.