चोरिसची माळ

आमचे सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी. राज्यकर्ते गेले, पण त्यांच्याबरोबर आलेली चोरिस गोव्यात ठाण मांडून राहिली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तिच्या तांबड्या माळा आजही टांगलेल्या दिसतात.

डुकराच्या मांसाचे तुकडे मीठ, मिरची, लसूण व मसाल्यात मुरवून, आतड्याच्या नळीत भरून सुकवायचे. पोर्तुगालात त्यात द्राक्षांची वाइन पडे. गोव्यात तिची जागा माडीपासून केलेल्या व्हिनेगरने घेतली. पावसाळ्यात मासळी दुर्मीळ झाली, की हीच बेगमी गोमंतकीय ख्रिस्ती घरांच्या कामी येई. आज पावात भरलेली चोरिस तेथे बाराही महिने खपते.

आमच्या पंगतीत हा पदार्थ नाही. शाळेतील एका गोमंतकीय सहकाऱ्याने डबा उघडला, की ‘फिरंग्यांचे उष्टे’ असे मनाशी म्हणून आम्ही खुर्ची दूर सरकवीत असू. एकदा त्यांनी हसून विचारले, “सर, तुमच्या डब्यातला बटाटा कोठला?”

आम्ही निरुत्तर झालो. बटाटा काय, पाव काय, शब्दही पोर्तुगीज. मिरचीसुद्धा त्यांच्याच गलबतांतून आलेली. जन्मभर मराठी शिकविणाऱ्या आम्हांला हे दुसऱ्याने सांगावे!

चोरिस आम्ही आजही खात नाही. खुर्ची सरकविणे मात्र त्या दिवसापासून सोडले.