उघडी खातेवही

संरक्षण मंत्रालय आपल्या संगणकांवर ‘माया’ ही देशी प्रणाली बसविणार, असे ऑगस्ट 2023 मध्ये वृत्तपत्रांत आले. ती उबुंटूवर उभी आहे, आणि उबुंटू डेबियनवर. सी-डॅकची ‘बॉस’ प्रणालीही डेबियनवरचीच. हे डेबियन जगभरच्या स्वयंसेवकांनी उभारले. आम्हा कारकुनांच्या भाषेत ही उघडी खातेवही! कोणीही वाचावी, चूक दाखवावी, दुरुस्ती पाठवावी. दुरुस्ती पदवी पाहून नव्हे, तपासून घेतात. ज्याला प्रोग्रामिंग येत नाही, त्याने मराठी भाषांतर तपासावे.

महालातल्या आपल्या मुलामुलींनी यात जरूर हात घालावा. मात्र लिनक्सचा परवाना आधी वाचावा. कोणी वापरायचे, कशासाठी वापरायचे, यावर त्यात बंधन घालता येत नाही. तुमची ओळ दवाखान्यात चालेल, तशी सैन्याच्या संगणकावरही. अंबाझरीच्या आयुध निर्माणीतल्या कामगाराला आपण काय घडवतो ते ठाऊक असते. घरबसल्या ओळ पाठवणाऱ्याला ती कुठे गेली हे कळतही नाही. तथागतांनी उपासकाला शस्त्रांचा व्यापार वर्ज्य सांगितला. फुकट दिलेली ओळ व्यापार नव्हे, असे माझे मत. घरातली तरुण मुले कदाचित वेगळे म्हणतील, त्यांना विचारा.